माझ्या मैत्रिणीनं नाव मागे घेतलं

दादाचं आणि माझं भांडण व्हायचं ते संध्याकाळी साडेपाचच्या चहाला. इकडे हिंदी मुलखात, लष्कर नावाच्या पेठेतल्या आमच्या घरात खाली दादा, वहिनी आणि त्यांचा मुलगा राहतात, वरच्या दोन खोल्यांत मी. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, दादा बँकेतून. तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा. लग्न मी केलं नाही, त्यामुळे भांडायला हक्काचं माणूस म्हणजे दादाच. एरवी आमचे विषय किरकोळ असत. पाण्याची मोटर कुणी चालू ठेवली, दळण कुणी आणायचं, असे. पण त्या वर्षी शहराच्या निवडणुका लागल्या, आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण पार्षदपदाला, म्हणजे नगरसेवकपदाला, निर्दलीय म्हणजे अपक्ष उभी राहिली. मग आम्हाला दुसरा विषयच उरला नाही.

मैत्रीण तीन गल्ल्या सोडून राहते. नवरा गेल्यावर तिनं घरीच गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या. आमच्या वॉर्डातली निम्मी मुलं तिच्या सतरंजीवर बसून दहावी पास झाली असतील. मराठी घरांतली मुलं तिला काकू म्हणतात आणि हिंदी घरांतलीही काकूच म्हणतात, त्यांना वाटतं तेच तिचं नाव आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या नळांना गटाराचं पाणी मिसळून यायला लागलं. आम्ही सगळे एकमेकांकडे कुरकुरत होतो. तिनं घरोघरचं पिवळं पाणी बाटल्यांत भरलं, बाटलीवर घर नंबर आणि वेळ लिहिली, बाटल्या स्कूटीवर लादल्या आणि पाण्याच्या ऑफिसात साहेबांच्या टेबलावर रांगेनं मांडल्या. म्हणाली, "साहेब, कुठलीही एक उघडा आणि घोटभर प्या. मी निघून जाते." सव्वा महिन्यात पाइप बदलले गेले. हे तिला कुणी करायला सांगितलं नव्हतं.

म्हणून वॉर्ड राखीव निघाल्यावर बायका तिच्या मागे लागल्या. चार दिवस ती नाही म्हणत होती. पाचव्या दिवशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तू प्रस्तावक होत असशील तर उभी राहते." मी झाले. अर्जावर तिच्या सहीखाली माझी सही आहे. त्याखेरीज वॉर्डातल्या अठ्ठावन्न घरांनी एका साध्या कागदावर सह्या करून दिल्या, की आम्ही काकूंबरोबर आहोत. त्या कागदाला कायद्यानं काही किंमत नव्हती. आम्हीच हौसेनं केलेला.

समोर एका मोठ्या पक्षाकडून ठेकेदाराची बायको उभी होती. तिला आम्ही कुणी बोलताना ऐकलं नव्हतं. बॅनरवर तिचा फोटो लहान आणि नवऱ्याचा मोठा, त्यावरून काय ते समजायचं. एक गोष्ट इथेच सांगते. माझा पुतण्या याच ठेकेदाराच्या कंपनीत साइट इंजिनिअर होता. तीस वर्षांचा, शांत, फोनमध्ये डोकं घालून बसणारा मुलगा. मी त्याला विचारलं होतं, माझ्या प्रस्तावक होण्यानं तुला काही त्रास होईल का? तो म्हणाला, "आत्या, नोकरी अपनी जगह, वोट अपनी जगह. तू कर बिनधास्त."

दादाचं म्हणणं एकच. "ती बसणार. लिहून ठेव."

निवडणुकीत निर्दलीय उमेदवारानं नाव मागे घेतलं की इकडे म्हणतात, बसला. दादाच्या मते निर्दलीय उभे राहतात तेच मुळी बसायसाठी.

"दादा, तू तिला पन्नास वर्षं ओळखतोस," मी म्हणायची.

"मी माणसाला ओळखतो. उमेदवाराला नाही ओळखत."

"दोन्ही एकच आहेत."

"एक नाहीत. अर्ज भरला की माणूस बदलतो. त्याच्याकडे पहिल्यांदाच असं काहीतरी येतं की जे दुसऱ्याला हवं असतं."

एका संध्याकाळी त्यानं पुतण्याकडून दोघींची शपथपत्रं फोनवर उतरवून घेतली आणि चष्मा लावून मला वाचून दाखवली. ठेकेदाराच्या बायकोवर एकही गुन्हा नाही. माझ्या मैत्रिणीवरही नाही. "दोन्ही कागद सारखेच धुतलेले," दादा म्हणाला. "आता फरक कशावरून करशील?"

"कागदावरून कशाला? पाण्याच्या बाटल्या कुणी नेल्या ते बघून करीन."

"तेव्हा ती उमेदवार नव्हती."

मला इतका राग आला की कप मी बशीबाहेर ठेवला. तिला सख्खा भाऊ नाही. दर भाऊबीजेला ती आमच्याकडे येते आणि दादाला ओवाळते. मी म्हटलं, "जिच्याकडून ओवाळून घेतोस तिच्याबद्दल असं बोलवतं तरी कसं तुला?"

"ओवाळून घेतो म्हणूनच सांगतो," दादा म्हणाला. "तिला म्हणावं, यात पडू नकोस. एक तर हरशील, नाही तर विकली जाशील. तिसरं काही होत नाही."

वहिनी आतून ओरडल्या, "पुरे करा दोघं, शेजारी ऐकतात." पुतण्या फोनमधून मान वर न काढता हसला. "आत्या, तू इतकी सीरियस का होतेस? सब ऐसे ही चलता है."

असं रोज चाललं होतं. मग नाव मागे घ्यायच्या मुदतीला तीन-चार दिवस राहिले असताना दादा एकदम गप्प झाला. चहाला येऊन बसायचा, पण मी काही बोलले तर हं म्हणायचा. एकदा मी मुद्दाम डिवचलं, "काय रे, संपले का मुद्दे?" तो उठून आत गेला. मला वाटलं, मी जिंकले. मी तिला फोन करून सांगितलंही, की दादा गप्प झालाय, त्याचं मतसुद्धा आता तुझंच समज. ती म्हणाली, "उद्या मुलांची टेस्ट आहे, ठेवते."

शेवटच्या दिवशी दुपारी मी पडाव भागातल्या एका प्रेसमध्ये बसले होते. पत्रकाचं प्रूफ तपासत होते. निवडणूक चिन्ह तीननंतर मिळणार, म्हणून पत्रकात खाली एक चौकोन रिकामा ठेवला होता. प्रेसचे मालक वयस्कर, सभ्य गृहस्थ. त्यांनी मला पंख्याखालची खुर्ची दिली होती. मजकूर मी स्वतः हिंदीत लिहिला होता आणि मला तो फार आवडला होता. 'आपकी काकू, आपके घर की बात' असं वर मोठ्या अक्षरांत.

पावणेतीनला फोनवर गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर एक फोटो आला. पांढऱ्या जीपची पुढची सीट. सीटवर माझी मैत्रीण, गळ्यात झेंडूचा जाड हार. शेजारी ठेकेदाराची बायको तिचा हात धरून हसतेय. खाली कुणीतरी लिहिलं होतं, काकू बैठ गईं.

मी फोटो मोठा करून पाहिला. साडी तिचीच, बिस्किटी रंगाची, आमच्या जुन्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला नेसते ती. मला काही म्हणजे काही कळेना. मी मालकांना म्हटलं, "ये फोटो पुराना होगा." कुठला जुना? हार घालून तिचा कुठला फोटो असणार होता? मी तिला फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तिनं फोनच बंद करून टाकला. प्रूफचा कागद मालकांनी अलगद माझ्या हातातून काढून घेतला.

"तो मैडम," ते हळूच म्हणाले, "ये छापना है, या रहने दें?"

मी टेंपोनं बाड्याच्या चौकापर्यंत आले आणि तिथून उन्हात चालत तिच्या घरी गेले. दाराशी सात-आठ बायका उभ्या होत्या. दार बंद होतं. कुणी आत हाका मारत होतं, कुणी नुसतंच उभं होतं. मला पाहून एक जण म्हणाली, "तुम्हाला तर माहीत असेल ना? तुम्ही प्रस्तावक."

मी दार वाजवलं. माझा आवाज ऐकून तिनं उघडलं. हार काढलेला होता, पण झेंडूची एक पाकळी केसांत अडकली होती.

"खरं आहे का?" मी विचारलं.

"हो. मी नाव परत घेतलं."

"का?"

"ते नको विचारूस."

"मी नको विचारू? तुझ्या अर्जावर सही आहे माझी! अठ्ठावन्न घरं आहेत! मी आत्ता प्रेसमध्ये बसून—" ती जमिनीकडे बघत उभी होती. तिच्या त्या गप्प राहण्यानं माझं डोकं फिरलं. "किती घेतलेस?"

तिनं वर पाहिलं. मी ते पुन्हा विचारलं, मोठ्यानं, बायकांसमोर. "सांग ना, किती घेतलेस?"

तिचं तोंड थोडंसं उघडलं आणि मिटलं. मग तिनं दार लावून घेतलं. आपटलं नाही, लावून घेतलं.

घरी आले तर दादा बाहेरच्या खोलीत बसला होता. दिवे लावले नव्हते. मी म्हटलं, "घे. जिंकलास तू. तू म्हणत होतास तेच झालं." "जिंकलो वगैरे काही नाही," तो म्हणाला आणि उठून आत गेला. चहा तसाच राहिला. वहिनी कप उचलायला आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले दिसले. मी विचारलं नाही. माझं स्वतःचंच एवढं होतं की दुसऱ्याचं काही दिसत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. तिच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं 'बिकाऊ' लिहिलं. मी बाजारातून येताना ते वाचलं. ओल्या फडक्यानं निघण्यासारखं होतं. मी पुढे निघून गेले. तिची शिकवणीची मुलं कमी होत गेली, दोन महिन्यांत वीस-बाविसावर होती ती पाचावर आली. आया सांगत, टाइम नहीं मिलता. ठेकेदाराची बायको निवडून आली. मी त्या दिवशी मतदानाला गेले आणि यांपैकी कुणीही नाही, हे बटण दाबून आले. विजयी मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या आणि दादा आतल्या खोलीत कानांवर हात ठेवून बसला होता. मला वाटलं, डीजेमुळे.

निकालानंतर तीन आठवड्यांनी, एका दुपारी, पुतण्या वर माझ्याकडे आला. कामाचा दिवस होता. मी विचारलं, सुटी का? तो म्हणाला, "नोकरी छोड़ दी." मग तो माझ्या पलंगाच्या कडेला बसला आणि रडायला लागला. मोठा झाल्यापासून मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी पाणी दिलं, ते त्यानं हातातच धरून ठेवलं.

"आत्या, काकूंनी पैसे नाही घेतले," तो म्हणाला. "एक पैसा नहीं लिया. मेरे लिए बैठ गईं."

मी दार लोटून घेतलं.

मग त्यानं सगळं सांगितलं, निम्मं मराठीत, निम्मं हिंदीत. आमच्या वॉर्डाच्या टोकाला वस्ती आहे, तिथे उन्हाळ्यात नाल्याची भिंत बांधायचं काम ठेकेदाराकडे होतं. सिमेंट कमी घातलं जात होतं. पुतण्याला ते दिसत होतं. माल तपासला, बरोबर आहे, अशी रोज रजिस्टरात सही त्याचीच लागायची आणि ठेकेदार सांगायचा म्हणून तो करायचा. एप्रिलमध्ये भिंत पडली. खाली एक गवंडी सापडला आणि त्याचा पाय मांडीपासून मोडला. ठेकेदारानं पोलिसांना सांगितलं की गवंड्याच्याच चुकीनं पडली. रजिस्टर त्यानं आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवलं.

"नाव मागे घ्यायला चार दिवस राहिले होते," पुतण्या म्हणाला. "सेठजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. रजिस्टर टेबलवर ठेवलं. बोले, तुम्हारी काकू बैठ जाए तो ये घर ले जाना. नहीं बैठी तो मैं इसे थाने भेज दूँगा. इसमें मेरी नहीं, तुम्हारी साइन है."

"मग?"

"मी बाबांना सांगितलं."

"आणि दादा तिच्याकडे गेला?"

त्यानं मान हलवली. "मीही होतो बरोबर. आत्या, बाबांनी काकूंच्या पायांवर डोकं ठेवलं."

सत्तर वर्षांचा माझा भाऊ. ज्यानं आयुष्यात देवळाबाहेर कुणापुढे मान वाकवली नाही. मी उठून खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले, पुन्हा उठले. महिनाभर मी ज्या माणसाला रोज सांगत होते की ती विकली जाणार नाही, तोच तिला बसायची विनवणी करायला गेला होता. आणि मी तिला बायकांसमोर विचारलं होतं, किती घेतलेस.

"ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"आधी विचारलं, त्या गवंड्याचं काय? आम्ही दोघं चूप. मग म्हणाल्या, रजिस्टर तुझ्या हातात देतील ना नक्की? मी हो म्हटलं. बाबांनी त्यांना शप्पथ घातली, की आत्याला कळता कामा नये."

मी खाली गेले. दादा वर्तमानपत्र घेऊन बसला होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि त्याला माझ्याकडे बघूनच कळलं. त्यानं पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"त्याला तुरुंगात जाऊ द्यायचं होतं का मी?" तो म्हणाला.

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू तिला बसू दिलं असतंस?"

मी म्हटलं, "लोक तिला बिकाऊ म्हणतात, दादा. भिंतीवर लिहिलंय. तू रोज त्या भिंतीसमोरून दूध आणायला जातोस."

"पुसलं मी ते," तो म्हणाला. "दोनदा. पुन्हा लिहितात."

वहिनी दारात उभ्या होत्या. मला दादाची कीव आली आणि त्याच क्षणी त्याचा इतका तिटकाराही आला की मी त्या खोलीत थांबू शकले नाही. तशीच चप्पल घालून तिच्याकडे गेले.

ती एकटीच होती. सतरंजी गुंडाळून भिंतीशी उभी केलेली. तिनं मला आत घेतलं, बसायला वेताचा मोढा पुढे केला. मी बसले नाही. मी तिचे हात धरले आणि मला माफ कर म्हटलं, आणखीही काय काय म्हटलं, ते आता आठवत नाही. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं.

"तू मला पैसे विचारलेस," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांचं जाऊ दे. त्यांना काय माहीत. तू विचारलेस."

"हो."

"मी त्या क्षणी सांगून टाकणार होते. ओठांवर आलं होतं. पण दादांना शब्द दिला होता."

"मी सगळ्यांना सांगते. आजच. घरोघर जाऊन सांगते, की तू पैसे घेतले नाहीस."

"काय सांगशील? मुलाचं नाव घेशील?" तिनं हात सोडवून घेतले. "आणि ऐक. पैसे घेतले नाहीत हे खरं. पण अठ्ठावन्न घरांनी सह्या दिल्या होत्या. त्यांची गोष्ट मी दादांना देऊन टाकली, त्यांना न विचारता. ती काही माझी एकटीची नव्हती. आणि तो गवंडी याच वॉर्डात राहतो. त्याचा कागद दाबायच्या बदल्यात मी बसले. भिंतीवर लिहितात ते अगदीच खोटं नाही गं."

मी तिची निर्दोष सुटका घेऊन आले होते आणि ती तीच घ्यायला तयार नव्हती.

पुढे जे झालं त्यात माझा वाटा थोडाच आहे. पुतण्यानं ते रजिस्टर जाळलं नव्हतं. दादानं ते आपल्या लोखंडी कपाटात ठेवलं होतं. बँकेतला माणूस, कुठलाही कागद नष्ट करणं त्याच्या हातून होत नाही. एका सकाळी पुतण्यानं वडिलांकडे किल्ली मागितली. दादा म्हणाला, "कशाला?" तो म्हणाला, "उस मिस्त्री के वकील को देना है." दादा ओरडला, वहिनी रडल्या, मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. अर्ध्या तासानं कपाट उघडल्याचा आवाज आला. किल्ली दादानं दिली की मुलानं घेतली, हे मी अजून विचारलेलं नाही. त्या दिवसापासून बापलेक एकमेकांशी कामापुरतंच बोलतात. साडेपाचचा चहा मी वरच करते.

गणपतीत आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये आरतीनंतर मी बोलायला उभी राहिले. कुणी बोलावलं नव्हतं, मीच उठले. मी म्हटलं, "मी प्रस्तावक होते. मी माझ्या मैत्रिणीवर तिच्या दारात, सगळ्यांसमोर पैसे घेतल्याचा आरोप केला होता. तो खोटा होता. तिनं कुणाकडून काही घेतलेलं नाही. का बसली ते मी आज सांगू शकत नाही. पण मी खोटं बोलले होते, एवढं मी इथे सांगते." निरांजनाच्या तबकावर कुणाची तरी बांगडी वाजली.

खाली बसताना मागच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला, हळू, पण मला ऐकू जाईल असा. "आता हिलाही पोचले वाटतं."

मी मागे वळून पाहिलं. ओळखीची बाई. त्या अठ्ठावन्नांतली. ती प्रसादाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

मैत्रीण त्या दिवशी हॉलमध्ये नव्हती. तिला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. चार दिवसांनी ती माझ्याकडे आली, नेहमीसारखी, कोथिंबिरीची जुडी घेऊन. आम्ही जेवलो. शिकवणीला आता नऊ मुलं येतात.

खटला सुरू आहे. पुतण्याचा जबाब झाला, त्यात त्यानं सह्या आपल्या आहेत हे कबूल केलंय. त्याचं काय होईल ते वकील सांगू शकत नाहीत. एका तारखेला मी आणि मैत्रीण दोघी त्याच्याबरोबर कोर्टात गेलो. व्हरांड्यात गवंडी बाकावर बसला होता, कुबडी भिंतीला टेकवलेली. आम्हाला बघून तो सरकला आणि पुतण्याला म्हणाला, "आइए साहब, बैठिए." मला ते ऐकवेना. ज्याच्या सहीनं पाय गेला त्याला तो जागा करून देत होता.

तारीख पुकारायला वेळ होता. मैत्रिणीनं त्याच्या मुलांची चौकशी केली, कितवीत आहेत, गणित कसं आहे. तिच्या उमेदवारीबद्दल त्याला माहीत होतं. मी न राहवून विचारलं, "भैया, वोट किसको दिया था तुमने?"

तो जराही न लाजता म्हणाला, "सेठानी को दिया, मैडम. पूरे घर ने उन्हीं को दिया."

"अरे, पण त्यांच्याच—" मी मराठीतच बोलून गेले, मग सावरले. "उन्हीं की दीवार थी ना!"

"दीवार उनकी थी, पर दवाई का पैसा भी तो वही भेज रहे थे," तो म्हणाला. "इलेक्शन तक भेजे. फिर बंद कर दिए." मग त्यानं मैत्रिणीकडे पाहिलं. "आप होतीं तो सोचते. आप तो थीं ही नहीं."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले होते. मला वाटलं आता ती काहीतरी म्हणेल, स्वतःच्या बाजूनं एखादा शब्द तरी. तिनं डोळे उघडले आणि त्याला म्हणाली, "सही बात है." मग पर्समधून कागद काढून ती त्याच्या थोरल्या मुलासाठी शिकवणीची वेळ लिहून द्यायला लागली आणि तेवढ्यात शिपायानं आमचं नाव पुकारलं.